टॉवेल

प्रश्न क्रमांक नऊ: सोबतच्या प्राण्याचे नाव.
इरण्णा म्हणाला, टॉवेल.
मी लिहिलं, खोडलं, पुन्हा विचारलं.
टॉवेलच, मॅडम. चाटी गल्लीत दुकानामागं
डागी मालाच्या ढिगात गावला.
पांढरा, कडेला तांबडी पट्टी.
दुसरं काय नाव ठेवायचं बे,
म्हणाला, आणि त्या ‘बे’साठी जीभ चावली.

पार्सल ऑफिसची मागची भिंत.
पाचनंतर तिची सावली
दोघांना पुरेल इतकी होते.
मे महिना, चव्वेचाळीस,
फॉर्मची पानं माझ्या मनगटाला चिकटलेली.

प्रश्न दहा: प्राणी किती महिन्यांपासून सोबत आहे?
आई गेल्यापासनं.
या उत्तराला रकाना नव्हता.

प्रश्न अकरा: अन्नाची विभागणी.
कडक भाकरी असली तर आधी त्याला,
त्याचे दात चांगले हायेत.
चहा असला तर मला.

प्रश्न बारा, एक ते पाचमध्ये सांगा:
प्राण्यामुळे तुम्हाला सुरक्षित वाटते का?
रात्री कुणी खिशात हात घातला
तर हा भुंकत नाही, मॅडम. लै भित्रा.
माझ्या छातीवर चढून बसतो थरथरत,
मग मला जाग येते.
ह्याला किती देऊ? तुम्हीच टाका.

मी तीन टाकला.
तक्त्यात आज तो तीन
इतर तिनांसारखाच दिसतो.

शहनाज सतरा वर्षांची, नमुना क्रमांक चार,
सदऱ्याच्या आत एकडोळी मांजर.
तिनं एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही,
मांजरीच्या कानातली गोचीड काढली
आणि नखावर ठेवून मला दाखवली.
मग विचारलं, तुमच्याकडं कोण आहे?
होटगी रोडला भाड्याची खोली,
मालकाला जनावर चालत नाही, मी म्हटलं.
ती माझ्याकडं बघत राहिली,
सकाळपासून मी तिच्याकडं बघत होते तशी.

निवारा केंद्रात पंखा आहे, सतरंजी आहे,
आणि दारावर पाटी.
गड्ड्याच्या थंडीत इरण्णा एक रात्र आत झोपला,
टॉवेल गेटाबाहेर.
सकाळी भांडण झालं आमचं.
म्हणजे?
बोलला नाही ना माझ्याशी.
कंबर तलावापर्यंत
दहा पावलं मागनं चालत आला.

तिसऱ्या खेपेला भिंतीशी कुणीच नव्हतं.
चहावाला बसय्या म्हणाला, कावीळ.
डोळे हळदीसारखे झालते.
परवा रिक्षात घालून सिव्हिलला नेला,
कुत्रं रिक्षामागं पळत गेलं.

सिव्हिलच्या गेटाशी, उतरणीच्या सावलीत,
टॉवेल. पट्टीचा रंग धुळीनं गेलेला.
वॉचमननं विचारलं,
तुम्ही कोण त्याच्या?
कुणाच्या, ते मी विचारलं नाही.
अभ्यास करते, म्हटलं.
तो म्हणाला, दोन दिवस झाले, उठत नाही इथनं.
काठी उगारली तरी.

मार्गदर्शिकेत पान सहावर लिहिलंय:
अभ्यासविषयापासून योग्य अंतर राखावे.
किती, ते लिहिलेलं नाही.
टॉवेलनं स्वतःच मोजून घेतलं:
आधी चप्पल हुंगली, मग पिशवी,
मग प्रश्न नऊ ते बाराचं पान,
तिथं जरा जास्त वेळ थांबला.
नंतर माझ्या पावलावर हनुवटी टेकली,
गरम, ओलसर, पाव किलोही नसेल.

पिशवीत पुण्याच्या मैत्रिणीसाठी घेतलेलं
कडक भाकरीचं पाकीट होतं.
फोडलं.
तो खायला लागला, कडाकडा,
रांगेतली माणसं वळून बघायला लागली.
शेवटचा प्रश्न कोराच होता:
आणखी काही सांगायचे आहे का?
पेन काढलं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर
जाळीमागून कुणीतरी शीळ घातली,
बारीक, अर्धीच, दम न पुरलेली.

टॉवेलचा जबडा थांबला.
तुकडा तोंडात तसाच धरून
त्यानं वर पाहिलं.
मीही.